गावदेवीचा हिशेब

गेल्या जत्रेच्या रात्री पालखी आत गेली, प्रसाद झाला आणि अग्रशाळेच्या ओसरीवर नेहमीची चार मंडळी विसावली. तेवढ्यात ओळखीतले एक तरुण जोडपे आमच्याजवळ येऊन बसले. दोघेही नोकरी करणारी. लग्नाला दोन वर्षे झालेली. आजवर भाड्याच्या बिऱ्हाडात राहिलेली. त्यांच्या हाती एका बांधल्या जात असलेल्या इमारतीतील लहानशा सदनिकेचे कागद होते. कराराचा मसुदा, बँकेचे मंजुरीपत्र, नकाशा असे सारे चाळून झाल्यावर त्या मुलीने एवढेच विचारले : "वकीलबाब, हें घर आमचें केन्ना जातलें?"

प्रश्न साधा होता. उत्तर तितके साधे नव्हते. ३० लाखांचे कर्ज, ८.५ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली, तर दरमहा सुमारे २६,००० रुपयांचा हप्ता पडतो आणि अखेरपर्यंत भरलेली रक्कम ६२ लाखांच्या वर जाते. मुद्दलापेक्षा व्याज अधिक! हा हिशेब ऐकून शेजारी बसलेले एक वृद्ध महाजन म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, आपल्या ज्ञातीपुरती एक गृहनिर्माण संस्था काढूया. मुंबईला आपल्या लोकांनी काढली होतीच की! घटना तुम्ही लिहून द्या." आम्ही तेव्हा रुकार दिला नाही. मुंबईत त्या वेळी नेमके काय घडले ते आधी नीट पाहू, असे सांगून मुदत मागून घेतली. आजचा हा लेख म्हणजे त्या मागणीला आमचे उत्तर होय.

महाजनांच्या मनात होती ती मुंबईच्या गावदेवी भागातील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था. ती १९१५ साली स्थापन झाली. भारतातील सहकारी गृहनिर्माणाच्या इतिहासात तिला आद्य संस्थांमध्ये मानाचे स्थान आहे. परंतु तिची कथा १९१५ पासून सांगू लागल्यास ती अर्धीच सांगितल्यासारखे होईल.

ज्या समाजाने ती उभारली, त्याला घर सोडण्याची आणि नव्याने मांडण्याची सवय जुनी होती. सोळाव्या शतकात गोव्यात मूर्तिभंजनाचा वरवंटा फिरला, तेव्हा देवांनाही आपली घरे सोडावी लागली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. परक्या राजाच्या मुलखात, मिळेल त्या जागी, आधी लहानसे देऊळ आणि मग भोवती वस्ती असा क्रम पडला. काही कुटुंबे आणखी दक्षिणेस कानडा प्रांतात उतरली. तेथे त्यांनी कोकणी जिभेवर ठेवली, दरबाराची कानडी आत्मसात केली आणि कारकुनी, कुळकर्ण व वकिली यांत नाव कमावले. चित्रापूर मठाचा हा सारस्वत समाज त्यांपैकीच. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला आणि कारवार, कुमठा, होनावरच्या शिकलेल्या तरुणांचे तोंड साहजिकच मुंबईकडे वळले.

मुंबईत नोकरी मिळे. जागा मिळत नसे. १८९६ साली प्लेगाने शहर ग्रासले, तेव्हा दाट चाळींतील कोंदट जीवन किती घातक आहे हे सरकारास उमगले. १८९८ मध्ये शहरसुधारणेचा ट्रस्ट, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. जुनी वस्ती पाडणे, रुंद रस्ते काढणे आणि आखलेले भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देणे हे त्याचे काम. गावदेवी हा अशा आखलेल्या भागांपैकी एक. तथापि भूखंड घेऊन त्यावर इमारत बांधणे हे शेठसावकारांचे काम होते. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या कारकुनाच्या वाट्याला त्या इमारतीतील भाड्याची खोली येई आणि भाडे ठरविणे मालकाच्या हाती राही.

येथे श्रीपाद सुब्राव तालमकी यांचे नाव घ्यावयास हवे. ते पुढे रावबहादुर झाले. सहकारी पतसंस्थांना मान्यता देणारा कायदा १९०४ साली झाला, आणि दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, त्यांनी आपले गुरुस्थानी असलेले ज्ञातिनेते शामराव विठ्ठल कायकिणी यांच्या नावे एक सहकारी पतपेढी स्थापन केली. पुढे शामराव विठ्ठल सहकारी बँक म्हणून नावारूपास आली ती हीच. परंतु १९०४ चा कायदा केवळ पतपुरवठ्यापुरता होता. घरे बांधण्यासाठी संस्था काढावयाची, तर त्यात जागा नव्हती. १९१२ च्या नव्या सहकारी कायद्याने ते दार उघडले आणि तीन वर्षांत गावदेवीची संस्था उभी राहिली. कायद्याचे दार उघडताच आत पाऊल टाकण्याइतकी तयारी त्या मंडळींनी करून ठेवली होती, हे आम्हा वकिलांना विशेष लक्षणीय वाटते. पतपेढीच्या नऊ वर्षांत त्यांनी पैशाचा व्यवहार एकमेकांशी करून पाहिला होता. कोण वेळेवर हप्ता भरतो, कोण जामीन राहून शब्द पाळतो, हे ठाऊक झाले होते. इमारतीचा पाया या विश्वासाने आधीच भरला गेला होता.

आता या संस्थेची रचना पाहू. कारण सारे मर्म तीत आहे. इंग्लंडमध्ये लंडनच्या पश्चिमेस ईलिंग येथे १९०१ साली भाडेकरूंनीच एक सहभागी संस्था काढली होती. तिचे तत्त्व असे : जमीन आणि इमारत या दोहोंची मालकी संस्थेची, सभासद संस्थेचे भाग घेतो आणि संस्थेचाच भाडेकरू म्हणून राहतो. तो जे भाडे भरतो, त्यातून कर्जाची फेड होते, दुरुस्ती होते, कर भरले जातात. जागा सोडली, तर त्याला त्याच्या भागांची रक्कम परत मिळते. परंतु मधल्या काळात बाजारभाव चढला म्हणून खोली चढ्या दराने विकून नफा खिशात घालण्याची मुभा त्याला नसते. गावदेवीने हाच नमुना उचलला. आपल्या सहकारी नियमांत याला 'भाडेकरू सहभागीदारी संस्था' असे म्हणतात. जमीन संस्थेची आणि त्यावरील घर सभासदाचे अशी जी दुसरी पद्धत, ती 'भाडेकरू मालकी संस्था'. महाराष्ट्राच्या १९६१ च्या नियमांतही हे दोन प्रकार वेगळे दाखविलेले आहेत.

तेव्हा गावदेवीत घर स्वस्त कशाने झाले? तीन गोष्टींनी. जमीन बाजारात लिलावाने विकत न घेता सार्वजनिक संस्थेकडून पट्ट्याने घेतली. बांधणाऱ्याचा नफा वगळला, कारण बांधणारे आणि राहणारे एकच होते. आणि सभासदाने पुढील नफ्यावर आपण होऊन पाणी सोडले. चौथी गोष्ट, म्हणजे सर्व सभासद एका ज्ञातीचे असणे, हे स्वस्ताईचे कारण नव्हते. एकमेकांवर विश्वास बसण्यास त्या काळी ते सोयीचे साधन होते, इतकेच. ज्ञातीमुळे ओळख मिळाली. घर मिळाले ते या त्यागामुळे आणि हिशेबामुळे.

पुढे काळ पालटला. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले. पण भाड्यासाठी इमारत बांधणे धनिकांना परवडेनासे झाले. मग बिल्डरांनी खोल्या भाड्याने देण्याऐवजी विकावयास आरंभ केला आणि 'ओनरशिप फ्लॅट' हा शब्द मराठीत रूढ झाला. पैसे आधी, ताबा मागाहून, कागद कधीतरी, अशी तऱ्हा. त्यातील फसवणुकीची ओरड वाढली, तेव्हा १९६० मध्ये शासनाने चौकशी समिती नेमली आणि १९६३ साली महाराष्ट्राचा ओनरशिप फ्लॅट कायदा आला. अर्धशतकानंतरही ओरड थांबली नव्हती. म्हणून २०१६ चा रेरा कायदा संसदेने केला. त्यान्वये करार नोंदविल्यावाचून बिल्डरास किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशापैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात, त्याच इमारतीच्या खर्चासाठी ठेवावे लागतात. क्षेत्रफळ भिंतींच्या आतील चटईइतकेच मोजावे लागते. आणि ताबा वेळेवर दिला नाही, तर ग्राहकास व्याजासह पैसे परत मागता येतात.

हे कायदे हितकारक आहेत, याविषयी शंका नाही. तरी एक मूलभूत फेर लक्षात घ्यावा. गावदेवीत आधी संस्था झाली आणि मग इमारत उठली. आज आधी इमारत उठते, खोल्या विकल्या जातात, आणि शेवटी एकमेकांस न ओळखणाऱ्या खरेदीदारांची संस्था कायद्याच्या सक्तीने जमविली जाते. जमिनीचे हस्तांतरण त्या संस्थेच्या नावे व्हावयाचे असते. सहकार अजूनही आहे. पण तो घर मिळविण्याचे साधन न राहता घर घेतल्यानंतरचे ओझे झाला आहे. जिना झाडणे आणि पाण्याची टाकी दुरुस्त करणे, एवढ्यापुरताच त्याचा उपयोग उरला आहे.

आता ज्ञातीच्या कलमाकडे येऊ. केवळ आपल्याच समाजास सभासदत्व द्यावे, असे घटनेत लिहिता येईल काय? कायद्याचे उत्तर होकारार्थी आहे. अहमदाबादेतील झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या घटनेत सभासद पारशीच असावा, असे कलम होते. एका सभासदाला आपली जागा बाहेरच्या बिल्डरास द्यावयाची होती. संस्थेने हरकत घेतली. गुजरात उच्च न्यायालयात संस्था हरली. परंतु २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरविले. संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे, संस्थेत शिरणारा तिचे नियम मान्य करूनच शिरतो, आणि सहकारी कायद्यात अशा अटीस मनाई नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

परंतु जे कायद्याने चालते, ते सर्वच योग्य असते असे नाही. आम्हांस दोन गोष्टी बोचतात. एक अशी की, ज्ञातीचे दार ज्ञातीतील सर्वांनाही उघडे नव्हते. भाग विकत घेण्याइतकी शिल्लक आणि दरमहा भाडे भरण्याइतकी नोकरी ज्याच्यापाशी होती, त्यालाच आत जाता येई. मंगल कार्यात स्वयंपाक करून पोट भरणारा, किंवा दुसऱ्याच्या घरी आश्रयाने राहणारी विधवा, हीही ज्ञातीचीच. त्यांना अशी रचना सहजी पोहोचत नाही. दुसरी गोष्ट अशी की, ज्यांच्या पूर्वजांनी देवासकट घर गमावले आणि ज्यांना परक्या मुलखात कोणीतरी जागा दिली, त्यांनी आपल्या फाटकावर कुळ विचारणे शोभत नाही. अंत्रुज महालात आपल्या देवांना थारा मिळाला, तेव्हा थारा देणाऱ्यांनी आपणांस गोत्र विचारले असते, तर आज आपण कोठे असतो?

विश्वासाचे साधन म्हणून ज्ञाती हवी, असे महाजन म्हणतील. त्या काळी ते खरे होते. आज हप्ता भरण्याची वृत्ती तपासण्यास इतर साधने आहेत. एकत्र पतसंस्थेत पाच वर्षे व्यवहार केलेले लोक, एका शाळेचे शिक्षक, एका वाड्यावरचे शेजारी यांची संस्था तितकीच भक्कम होऊ शकते. मात्र नफ्यावरील बंधन सोडले, तर दुसऱ्याच पिढीत संस्था बाजारात विरघळते. पहिला सभासद स्वस्तात घेतो, चढ्या भावाने विकतो, आणि त्याच समाजातील पुढचे तरुण जोडपे पुन्हा त्याच कागदांचा गठ्ठा घेऊन अग्रशाळेच्या ओसरीवर येते. या बंधनालाही किंमत आहे, हे आम्ही लपवीत नाही. घर विकून मुलाच्या शिक्षणाची सोय करण्याचा मार्ग त्याने अरुंद होतो. तो त्याग पत्करावयाचा की नाही, हे आधी उघडपणे ठरवावे. स्वस्त घरही हवे आणि चढा नफाही हवा, हे एका घटनेत बसत नाही.

गोव्यातील मंडळींना २००१ चा गोवा सहकारी संस्था कायदा लागू आहे, बेळगावकडील मंडळींना कर्नाटकाचा १९५९ चा. तपशील भिन्न असले, तरी संस्था आधी आणि इमारत मागाहून हा क्रम दोन्हीकडे शक्य आहे. देवस्थानच्या जमिनीकडे मात्र कोणी सहज बोट दाखवू नये. तिला वेगळ्या कायद्याची वेगळी बंधने आहेत.

त्या जोडप्यास आम्ही त्या रात्री इतकेच सांगितले : नोंदणीकृत करार होईपर्यंत दहा टक्क्यांच्या वर एक पैही देऊ नका, रेराचा क्रमांक पडताळून पाहा, भोगवट्याचा दाखला हाती आल्यावाचून ताब्याच्या कागदावर सही करू नका. घर केव्हा आपले होईल, याचे कायद्यातील उत्तर खरेदीखताच्या तारखेशी मिळते. बँकेच्या वहीतील उत्तर शेवटच्या हप्त्याच्या तारखेशी.

आणि महाजनांसाठी घटनेचा मसुदा आम्ही तयार करून ठेवला आहे. त्यात ज्ञातीचे कलम नाही, पुनर्विक्रीचे आहे. सभासदाने जागा सोडल्यास ती संस्थेसच, घातलेल्या पैशाच्या हिशेबाने, परत करावी, असे ते कलम आहे. पुढील सभेत त्यांनी ते सर्वांसमक्ष वाचावे आणि कोण कोण सही करावयास पुढे येतो ते पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.