मॅटाडोर : सामान्यनाम झालेली गाडी

१/ पिशोरसारख्या गावातून कन्नडकडे वऱ्हाड निघे, तेव्हा दाराशी उभी राहणारी गाडी कोणत्याही कंपनीची असो, लोक तिला ‘मॅटाडोर’च म्हणत. विशेषनामाचे सामान्यनाम होणे हा मोठा मान. परंतु त्या मूळ गाडीचा घाट पुढच्या पिढीने पाहावा कुठे? या प्रश्नाचा धागा प्लॅस्टिकच्या मॉडेल किटच्या इतिहासाशी जुळतो. #थ्रेड

२/ १९४९ च्या सुमारास ब्रिटनमधील एअरफिक्स कंपनीने फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती घडवली. ती मुलांसाठी नव्हती. ट्रॅक्टर विकणाऱ्या प्रतिनिधींसाठी होती. पुढे तीच सुट्या भागांच्या रूपात दुकानांत आली आणि घरी बसून गाडी जोडण्याचा छंद रुजला.

३/ त्याच १९४९ मध्ये हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याने ‘मॅटाडोर’ नावाची व्हॅन बाजारात आणली. तिचे इंजिन फोक्सवॅगनचे होते. १९५० मध्ये फोक्सवॅगनची स्वतःची व्हॅन आली आणि लवकरच इंजिनांचा पुरवठा थांबला. टेम्पोला दुसरी इंजिने शोधावी लागली.

४/ पुढे दोघींचे नशीब वेगळे झाले. फोक्सवॅगनची व्हॅन भटकंतीचे प्रतीक ठरली. रेव्हेलसारख्या कंपन्यांनी तिची १:२४ प्रमाणातील किट काढली. या प्रमाणात पाच मीटरची गाडी साधारण २१ सेंटिमीटरची होते. खिडक्या, आसने, चाके, सारे सुटे. १९७० च्या दशकात अमेरिकेत सजवलेल्या व्हॅनच्या किटची लाटच आली.

५/ मॅटाडोर मात्र कष्टकरी झाली. १९५८ मध्ये एन. के. फिरोदिया यांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली. आधी तीनचाकी हॅन्सिट आली, १९६९ मध्ये मॅटाडोर. ‘टेम्पो’ आणि ‘मॅटाडोर’ हे दोन्ही शब्द मराठीने आपलेसे केले.

६/ किटसाठी पोलादी साचा लागतो. तो अतिशय महाग, म्हणून हजारो प्रती खपल्या तरच परवडतो. त्यामुळे श्रीमंत बाजारपेठेच्या आवडत्या गाड्यांनाच साचे लाभले. भारतात खेळण्यांच्या आयातीवर अनेक वर्षे बंधने होती. आपल्याकडच्या मुलांनी तार, काड्यापेट्या आणि जुन्या चपलांची चाके यांतून गाड्या घडवल्या. त्या टिकण्यासाठी नव्हत्याच.

७/ किट म्हणजे केवळ खेळणे नव्हे. ते घडवण्यासाठी मूळ गाडीची मापे घ्यावी लागतात, आराखडे तपासावे लागतात. पन्नास वर्षे जुने किट म्हणूनच त्या गाडीचा दस्तऐवज ठरते. मालवाहू गाडीला असा दस्तऐवज क्वचितच मिळतो. ती झिजेपर्यंत राबते आणि अखेर भंगारात जाते.

८/ बजाज टेम्पोचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले. ‘मॅटाडोर’ हा शब्द अजून बोलण्यात आहे. पण शब्दावरून दाराची उंची किंवा टपाचा बाक कळत नाही. गावात एखादी जुनी मॅटाडोर उभी असेल, तर भंगारवाला येण्याआधी तिची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि टेपने मापे टिपून ठेवावीत. पुढच्या अभ्यासकाला तीच उपयोगी पडतील.