साखरेवरचं चित्र: आयसिंगचा इतिहास आणि एक जुना खटला

या मालेत आपण आजवर टिकणाऱ्या चित्रांबद्दल पुष्कळ बोललो. आज आपण अशा चित्राकडे वळू या, जे काढायला दोन दिवस लागतात आणि जे दोन मिनिटांत सुरीखाली जातं. केकवरचं आयसिंगचं चित्र. तत्त्वज्ञानाच्या माणसांनी या विषयात कशाला पडावं, असं कुणाला वाटेल. पण पाकशास्त्राला कोर्टात उभं करणारा पहिला माणूस तत्त्वज्ञच होता. प्लेटोच्या ‘गॉर्जिआस’ संवादात सॉक्रेटिस म्हणतो की पाककला ही वैद्यकाची नक्कल आहे. वैद्य हिताचं देतो, आचारी आवडेल ते देतो. आणि पुढे तो एक गमतीदार कल्पना मांडतो: पंच म्हणून लहान मुलं बसवली आणि आचाऱ्याने वैद्यावर फिर्याद केली, तर वैद्य हरणारच. हा खटला ध्यानात ठेवा, तो पुढे खरोखरच उभा राहिला.

आधी साखरेचं पाहू. ‘शर्करा’ म्हणजे मुळात खडे, वाळू. आपल्याकडचा हा शब्द अरबीत ‘सुक्कर’ झाला आणि तिथून युरोपभर गेला. ‘खंड’ शब्दाचं इंग्रजीत ‘कँडी’ झालं. म्हणजे वस्तू आणि तिचं नाव, दोन्ही इकडून तिकडे गेली. साखरेला रूप देण्याची हौसही आपल्याला परकी नाही. संक्रांतीच्या हलव्यावर मंद आचेवर काटा फुलवणाऱ्या बायका आणि रुखवतात मांडलेली साखरेची कलाकुसर आठवा. फरक इतकाच, की आपण साखरेचे दागिने केले, आणि युरोपने साखरेची चित्रं केली.

ती चित्रं सुरुवातीला भोळी नव्हती. मध्ययुगीन इंग्लंडच्या शाही मेजवान्यांत दोन वाढपांच्या मध्ये ‘सटल्टी’ नावाची वस्तू मिरवत आणत. साखर, पिठाचा लगदा वगैरेंची बनवलेली मूर्ती किंवा देखावा. १४२९ साली सहावा हेन्री वेस्टमिन्स्टरला राज्याभिषेक करून घेत होता. पोराचं वय अवघं सात. इंग्लंडच्या राजांचा फ्रान्सच्या गादीवरही दावा होता. त्या मेजवानीत पहिल्या सटल्टीत काय दाखवलं? एका बाजूला इंग्लंडचा संत एडवर्ड, दुसऱ्या बाजूला फ्रान्सचा संत लुई, आणि मधे हा बालराजा. सोबत वाचायला कवन. दुसऱ्या देखाव्यात बाप पाचवा हेन्री आणि सम्राट सिगिसमुंड, पाखंड्यांविरुद्ध धर्माचे रक्षक म्हणून. म्हणजे साखरेवर लिहिलेला जाहीरनामाच. जेवणाऱ्यांनी तो पाहिला आणि रिचवला, या क्रियेला आमच्या मते काही अर्थ होता.

आज आपण ज्याला आयसिंग म्हणतो त्याची घरगुती वाट अठराव्या शतकात दिसते. एलिझाबेथ रॅफल्ड या मँचेस्टरच्या बाईंनी १७६९ साली पाककृतींचं पुस्तक काढलं. त्यात लग्नाच्या केकवर आधी बदामाचा थर आणि त्यावर साखरेचा पांढरा थर द्यायला सांगितलं आहे. साखर रेशमी चाळणीतून गाळायची आणि अंड्याचा पांढरा भाग कथलाच्या ताटलीत सुरीने अर्धा तास फेटायचा. अर्धा तास! घरात नोकर असल्याशिवाय हे कोण करणार? अशा आयसिंगला ‘रॉयल आयसिंग’ म्हणतात. हे नाव व्हिक्टोरिया राणीच्या लग्नामुळे पडलं असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. हा शब्द १७७० च्या एका मिठाईपुस्तकात आढळतो आणि राणीचा जन्म १८१९ चा.

मात्र तिच्या लग्नाच्या केकने धमाल केली हे खरं. १८४० सालचा तो केक सुमारे तीनशे पौंड वजनाचा, म्हणजे आपल्या हिशोबाने १३५ किलोच्या आसपास. त्याचा घेर नऊ फूट. वर साखरेची ब्रिटानिया देवी वधूवरांना आशीर्वाद देते आहे, वधूवर प्राचीन रोमन वेषात, पायाशी कुत्रा. आणि एक छोटा कामदेव मांडीवर वही घेऊन लग्नाची तारीख लिहितो आहे. त्याच काळात लंडनच्या मिठाईवाल्यांच्या काचांमागे जानेवारीतल्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ सणाचे सजवलेले केक मांडत. लोक बघायला दाटी करत, आणि त्या गर्दीत टवाळ पोरं माणसांचे कोट दुकानाच्या लाकडी चौकटीला खिळे ठोकून अडकवत, असं त्या वेळचं वर्णन आहे. विकत घेऊ न शकणाऱ्यांचाही तो केक होता, निदान डोळ्यांपुरता.

आता तो खटला. साखर पांढरी. चित्राला रंग हवा. रंग कुठून आणायचा? पिवळ्यासाठी शिशाचं क्रोमेट, लालसाठी शेंदूर म्हणजे तोही शिशाचाच, हिरव्यासाठी तांब्याचे क्षार आणि त्यात कधी आर्सेनिक. १८२० मध्ये फ्रेडरिक आकुम या रसायनशास्त्रज्ञाने लंडनमध्ये अन्नातल्या भेसळीवर पुस्तक लिहिलं, त्यात मिठाईचाही समाचार घेतला आणि शिक्षा झालेल्या भेसळ करणाऱ्यांची नावंही छापली. पुस्तकाच्या महिन्याभरात हजार प्रती संपल्या. त्याच वर्षाच्या शेवटी ग्रंथालयातली पानं फाडल्याच्या प्रकरणात तो अडकला आणि पुढच्या वर्षी देश सोडून गेला. प्लेटोचं म्हणणं आठवा: पंच मुलं असली की वैद्य हरतो. तीस वर्षांनी आर्थर हिल हॅसल या डॉक्टरने सूक्ष्मदर्शक घेऊन तेच काम पुन्हा केलं आणि ‘लान्सेट’मध्ये एकेक दुकानाचा पत्ता छापला. १८५८ मध्ये ब्रॅडफर्डला पेपरमिंटच्या गोळ्यांनी वीसेक माणसं दगावली. साखर महाग म्हणून तिच्यात जिप्समची भुकटी मिसळण्याची रीत होती, आणि औषधविक्रेत्याकडून त्या भुकटीऐवजी चुकून आर्सेनिक दिलं गेलं. १८६० चा कायदा दुबळा निघाला. १८७५ चा कायदा बऱ्यापैकी चालला. इथे कुठे आमच्या मते वैद्य जिंकला.

योगायोग असा की साखरेवरचा कर ब्रिटनने १८७४ मध्ये काढून टाकला. बीटपासूनची साखर बाजारात आलीच होती. साखर स्वस्त, रंग सुरक्षित, मग मध्यमवर्गाच्या केकवर चित्रं उमटू लागली. पण ही स्वस्ताई कुणाच्या जिवावर, हेही बोलायला हवं. कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या श्रमाची साखर खाऊ नका, असं पत्रक १७९१ मध्ये निघालं आणि घरोघरच्या बायकांनी बहिष्कार पाळला. पुढे काही साखरदाण्यांवर, ‘ईस्ट इंडियातली साखर, गुलामांनी न केलेली’ अशी अक्षरं रंगवून मिरवत. ईस्ट इंडिया म्हणजे आपण. त्या साखरेमागे कंपनी सरकारखालच्या रयतेचे हात होते, पण साखरदाणीवर तेवढं लिहायला जागा नव्हती!

आता हाताच्या कसबाकडे येऊ. हे आम्हाला सगळ्यात आवडतं. आयसिंगचा कोन हा मेंदीच्या कोनाचा सख्खा भाऊ. कागदाची सुरळी, टोकाला बारीक भोक, दाब हाताचा. चित्र काढण्याची खरी युक्ती मात्र ‘रन-आउट’ची आहे, क्रिकेटशी संबंध नाही. आधी मूळ चित्रावर बटरपेपर ठेवायचा. घट्ट आयसिंगने त्याच्या बाह्यरेषा ओढायच्या, त्या सुकल्या की बांध तयार होतो. मग तेच आयसिंग थेंब-थेंब पाणी घालून पातळ करायचं आणि बांधाच्या आत सोडायचं. शेजारशेजारचे रंग एकदम भरायचे नाहीत; एक भाग भरायचा, वरची साय धरू द्यायची, मग दुसरा. घाई केली की लाल साडीचा रंग पांढऱ्या चेहऱ्यावर उतरतो. सुकताना वरून दिव्याची ऊब दिली तर तुकतुकी येते. पूर्ण सुकल्यावर कागद हलक्या हाताने सोडवायचा आणि ते तुकडे केकवर चिकटवायचे. भांड्याला तुपाचा अंश जरी राहिला तरी अंड्याचा फेस बसतो. पावसाळ्यात मुंबईत हे करू पाहणाऱ्या बाईला हवा शत्रूसारखी वाटते, कारण साखर ओल ओढून घेते.

लोण्याच्या आयसिंगने चित्र करताना तर आणखी गंमत आहे. तिथे बटरपेपरवर चित्र उलटं, आरशात दिसेल तसं, काढावं लागतं. आधी बाह्यरेषा, मग डोळ्यातला चमकता ठिपका, मग बुबुळ, मग डोळ्याचा पांढरा, मग गाल, सगळ्यात शेवटी पार्श्वभूमी. गोठवून मग उलटवायचं. म्हणजे जे आधी काढलं ते वर येतं. चित्रकार सामान्यपणे पार्श्वभूमीपासून पुढे येतो. इथे तो डोळ्यातल्या चमकेपासून मागे जातो. शिळाछापखान्यातल्या कारागिराला हे कळेल, आणि आमच्यासारख्यांना कारणाकडून कार्याकडे जाण्याऐवजी उलटं चालल्यासारखं वाटतं.

विसाव्या शतकात या विद्येच्या शाळा निघाल्या. ड्युई विल्टन १९२९ पासून शिकागोत शिकवू लागले. जोसेफ लॅम्बेथ यांनी १९३४ मध्ये पुस्तक काढलं, रेषेवर रेषा चढवून जाड झालर उभी करण्याची त्यांची पद्धत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पण तिच्यात चित्र कमी आणि नक्षी जास्त, म्हणून आपण पुढे जाऊ. शतकाच्या शेवटी खाद्यरंगाची शाई आली, पिष्ट आणि साखरेचे पातळ पत्रे आले, आणि छापखान्याने कोनाला मागे टाकलं. आता पंचाहत्तरीच्या केकवर आजोबांचा फोटोच छापून येतो. अशा समारंभांत एक गोष्ट हमखास दिसते: सुरी चेहऱ्यावर कुणी चालवत नाही. कोपऱ्यातून काप निघतात, चेहरा शेवटपर्यंत डब्यात उरतो. हाताने काढलेला मोर किंवा गुलाब कापताना कुणाला असं होत नाही. प्लेटो म्हणायचा की चित्रातला पलंग सत्यापासून तिसऱ्या पायरीवर असतो. मग साखरेवरचा आजोबांचा चेहरा नेमका कितव्या पायरीवर, की लोकांचा हात थांबावा?

उलटा प्रवासही झाला आहे. वेन थिबो या अमेरिकन चित्रकाराने १९६३ मध्ये ‘केक्स’ नावाचं मोठं तैलचित्र केलं. ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. त्याने रंग इतका जाड लावला की कॅनव्हासवर आयसिंगच थापल्यासारखं दिसतं. तिथे केक टिकतो, पण खाता येत नाही.

आणि हाताचं काम संपलेलं नाही. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी इंग्लंडमध्ये एडी स्पेन्स या उस्तादाकडे रॉयल आयसिंग शिकून घेतलं. मिलानच्या कॅथेड्रलवरून प्रेरणा घेतलेली त्यांची शंभर किलोंची आयसिंगची वास्तू गाजली. त्यांचं आयसिंग अंड्याशिवायचं. रॅफल्डबाईंनी अर्धा तास जे फेटायला सांगितलं, नेमकं तेच काढून टाकून कळसांची जाळी उभी केली.

प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारेल म्हणून सांगून ठेवतो: व्हिक्टोरियाच्या त्या केकचे काही तुकडे अजून आहेत. त्यातला एक २०१६ मध्ये लंडनला लिलावात दीड हजार पौंडांना गेला.