कृष्णराजसागर : दगड, वीट आणि सुरखीचा वारसा

म्हैसूर : कोडगूच्या डोंगरांत उगम पावणारी कावेरी कुशालनगर आणि बैलकुप्पे येथील तिबेटी वसाहतीच्या परिसरातून पुढे वाहत येते व म्हैसूर शहराजवळ कन्नंबाडी येथे कृष्णराजसागर धरणात अडविली जाते. सुमारे २.६ किलोमीटर लांब आणि ४० मीटर उंच असलेले हे धरण सिमेंटपूर्व काळातील दगडकाम व वीटव्यवसाय यांच्या संयुक्त कौशल्याचे उदाहरण मानले जाते.

म्हैसूर संस्थानाचे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत, १९११ साली या कामास प्रारंभ झाला. मुख्य अभियंता सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे शिक्षण पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात झाले होते. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असताना त्यांनी १९०३ मध्ये खडकवासला येथे स्वयंचलित दरवाजांची योजना अमलात आणली. तशाच पद्धतीच्या दरवाजांचा उपयोग पुढे कन्नंबाडी येथेही करण्यात आला.

धरणाचे काम सुरू झाले तेव्हा देशात सिमेंटचे व्यापारी उत्पादन होत नव्हते. पोरबंदर येथील कारखान्यातून ते १९१४ मध्ये सुरू झाले. आयात सिमेंट महाग असल्याने चुना व सुरखी यांचे मिश्रण वापरण्यात आले. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची बारीक भुकटी. योग्य तापमानाला भाजलेल्या मातीतील सिलिका व ॲल्युमिना यांची चुन्याशी रासायनिक क्रिया होते आणि पाण्याखालीही घट्ट होणारा मसाला तयार होतो. वीट अति भाजली गेल्यास हा गुण कमी होतो. त्यामुळे सुरखीसाठी मंद भाजलेली वीट पसंत केली जाई. महाराष्ट्रातील किल्ले व वाडे यांसाठी बैलांनी ओढल्या जाणाऱ्या घाणीत चुना मळला जात असे. ‘घाणीचा चुना’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. १८९५ मध्ये पूर्ण झालेल्या मुल्लपेरियार धरणातही चुना व सुरखीचा वापर झाला आहे.

या प्रदेशातील मूळ खडक मुख्यतः ग्रॅनाइट व नीस या कठीण प्रकारांचा आहे. चामुंडी टेकडीवरील एकसंध पाषाणात कोरलेला सतराव्या शतकातील नंदी येथील पाथरवटांच्या जुन्या परंपरेची साक्ष देतो. छन्नीने ओळीत भोके पाडून त्यांत पाचरी ठोकायच्या आणि खडक सरळ रेषेत उकलायचा, ही येथील रूढ पद्धत होती. दगड फोडण्याचे व मातीकामाचे कष्ट दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या ज्या समाजाने उपसले, तो कर्नाटकात भोवी किंवा वड्डर, तर महाराष्ट्रात वडार या नावाने ओळखला जातो. गाडीवडार, मातीवडार व पाथरवट ही महाराष्ट्रातील नावे या श्रमविभागणीवरूनच पडली आहेत.

अलीकडच्या काळात खाणकामाचे स्वरूप पालटले. नदीतील वाळूच्या उपशावर निर्बंध आल्यानंतर खडी व कृत्रिम वाळूची मागणी वाढली आणि पाचरीची जागा छिद्रण यंत्र व सुरुंगाने घेतली. धरणापासून जवळच, मंड्या जिल्ह्याच्या पांडवपुर तालुक्यातील बेबी बेट्ट परिसरातील दगडखाणी यामुळे वादाच्या केंद्रस्थानी आल्या. सुरुंगस्फोटांनी जमिनीत निर्माण होणारी कंपने धरणाच्या जुन्या दगडी बांधकामास बाधक ठरतील, अशी भीती शेतकरी संघटनांनी वारंवार व्यक्त केली. जानेवारी २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने धरणाच्या २० किलोमीटर परिघात खाणकामास मनाई केली.

सुमारे ४९ अब्ज घनफूट साठवण क्षमता असलेल्या या जलाशयावर मंड्या व म्हैसूर जिल्ह्यांतील शेती आणि बंगळूरु व म्हैसूर या शहरांचा पाणीपुरवठा अवलंबून आहे. तमिळनाडूला सोडावयाच्या पाण्याच्या दृष्टीनेही त्याचे महत्त्व मोठे आहे. दुसरीकडे, खाणी बंद राहिल्यास तेथील मजुरांच्या उपजीविकेचा प्रश्न उभा राहतो. ज्या खडकातून व ज्या श्रमातून धरण उभे राहिले, त्याच खडकाच्या उत्खननाला आता धरणाच्या सुरक्षिततेसाठी मर्यादा घालावी लागली आहे.