ॲपलाचियन पायवाट : संकल्पना आणि वास्तव

अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपलाचियन पर्वतरांगेतून १४ राज्ये ओलांडणारी सुमारे ३,५०० कि.मी. लांबीची पायवाट आज सलग पदभ्रमणासाठी ख्यातनाम आहे. तिच्या मूळ आराखड्याचा हेतू मात्र वेगळा होता. वनशास्त्रज्ञ बेंटन मॅके यांनी १९२१ मध्ये ही योजना वास्तुविशारदांच्या नियतकालिकात मांडली, ती प्रादेशिक नियोजनाचा प्रकल्प म्हणून. औद्योगिक शहरांतील श्रमिकांना डोंगरात विसावा मिळावा, तेथे सहकारी तत्त्वावर वसाहती व शेती उभी राहावी, हा तिचा गाभा होय. पायवाट हा केवळ त्यांना जोडणारा दुवा.

प्रत्यक्षात दुवाच तेवढा उरला. मायरन एव्हरी या कर्तबगार, काहीशा हेकट वकिलाने स्वयंसेवकांच्या बळावर १९३७ मध्ये वाट पूर्णत्वास नेली. व्हर्जिनियातील शेनान्डोआ परिसरात डोंगरमाथ्यावरून मोटाररस्ता काढण्यास मॅके यांचा कडवा विरोध होता. एव्हरींनी तडजोड स्वीकारली आणि दोघांचे संबंध कायमचे तुटले. तेथीलच राष्ट्रीय उद्यानासाठी शेकडो पहाडी कुटुंबांना घरे सोडावी लागली. वसाहतींचे स्वप्न पाहणाऱ्या योजनेच्या वाटेवरून वस्तीच उठावी, ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेले अर्ल शेफर १९४८ मध्ये एकाच हंगामात ही संपूर्ण वाट चालून गेले, तेव्हा वाटेची देखभाल करणाऱ्या संघटनेलाही ते प्रथम खरे वाटले नाही.