माईंचा अपमान, ताईंच्या अटी

गोव्यातल्या कलावंत घराण्यांत गाणं आईकडून मुलीकडे येई, आणि त्याबरोबर समाजाची हेटाळणीही. देवळातली सेवा, यजमानाचा आश्रय आणि मैफलीची बिदागी यांवर घर चाले. गाण्याला दाद द्यायची आणि गाणारीला उंबऱ्याबाहेर ठेवायचं, असा तो रोकडा व्यवहार. मोगूबाई कुर्डीकर (माई) आणि किशोरी आमोणकर (ताई) या मायलेकींच्या आयुष्यात तो कसा मोडत गेला, हे स्पष्ट दिसतं.

मोगूबाई १९०४ साली गोव्यातल्या कुर्डी गावी जन्मल्या. मुलीने मोठी गायिका व्हावं हा आई जयश्रीबाईंचा ध्यास. पण मोगू दहाएक वर्षांची असतानाच त्या वारल्या. पोरकी मुलगी नाटक कंपन्यांत वाढली. सांगलीत तिचा रियाज अल्लादिया खाँच्या कानी पडला आणि त्यांनी आपणहून शिकवायला सुरुवात केली. खाँसाहेब मुंबईला गेले, तशा मोगूबाईही गेल्या. तिथे मात्र तालीम सलग मिळेना. गुरू बदलावे लागले. खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडेही त्या शिकल्या. अल्लादिया खाँचा रीतसर गंडा बांधायला १९३४ उजाडलं. पुढे पती माधवदास भाटिया वारले आणि तीन मुलांचा संसार एकट्या बाईच्या गळ्यावर आला.

थोरली किशोरी. आईच्या मागे तंबोरा घेऊन बसता बसता तिने गाणं उचललं, तसा मैफलीमागचा व्यवहारही पाहिला. तिसऱ्या वर्गाचा प्रवास, कुणाच्या तरी घरी उतरणं, आयोजकांची बेपर्वाई हे सारं ताई पुढे सांगत. माईंनी कधी तक्रार केली नाही. त्यांचा करारीपणा तालमीत उतरे: अस्ताई-अंतरा दोनदाच गाऊन दाखवायचा, तिसऱ्यांदा नाही. १९६४च्या ‘गीत गाया पत्थरों ने’ या चित्रपटासाठी ताई गायल्या, तेही माईंना रुचलं नाही. इतक्या हालांतून मिळवलेली विद्या सिनेमाच्या बाजारात जाताना त्यांना कशी पाहवणार?

ताईंनी गप्प राहण्याचा वारसा नाकारला. मानधन, प्रवास, उतरण्याची सोय यांबाबत त्या ठाम असत. श्रोत्यांत कुजबुज झाली तर सुनावत. लोक याला लहरीपणा म्हणत. श्रोत्यांना कधी विनाकारण ताटकळावं लागलं, हेही खोटं नाही. पण या अटींमागे आईची अवहेलना जवळून पाहिलेली मुलगी होती. माई ज्यांच्यापुढे गप्प राहिल्या, त्यांच्या पुढच्या पिढीतल्या आयोजकांना ताईंचं स्वरमंडळ मनाजोगतं लागेपर्यंत थांबावं लागे.