सूचनाफलक : एल्फिन्स्टनपासून पवईपर्यंत

मराठी वर्तमानपत्रांचा इतिहास आता बराच लिहिला गेला आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले, ही गोष्ट शाळेतील मुलेही तोंडपाठ सांगतात. परंतु वर्तमानपत्राचे एक धाकटे भावंड आहे, त्याची दखल इतिहासकारांनी सहसा घेतलेली नाही. ते भावंड म्हणजे विद्यालयाच्या दाराशी लावलेला सूचनाफलक. 'शनिवारी सायंकाळी पाच वाजता वादविवाद मंडळाची सभा भरेल', 'परीक्षेचे अर्ज सोमवारपर्यंत स्वीकारले जातील', 'ग्रंथालयात एक छत्री सापडली असून मालकाने ओळख पटवून न्यावी', असे हे चार-दोन ओळींचे वाङ्मय. दुसऱ्या दिवशी त्यावर नवा कागद चढतो आणि जुना केराच्या टोपलीत जातो. अशा अल्पायुषी वस्तूचा इतिहास तो काय सांगावयाचा, असे कोणी म्हणेल. तथापि ह्या कागदाच्या आधारे विद्यालयाविषयी एक महत्त्वाची गोष्ट कळते, असे मला वाटते.

वर्तमानपत्र प्रामुख्याने काल काय घडले ते सांगते. सूचनाफलक उद्या काय घडणार ते सांगतो. वर्तमानपत्र वाचून मनुष्य जाणता होतो. सूचना वाचून तो हजर होतो. दोनशे माणसे एकच सूचना वाचून एका वेळी एका दालनात जमली म्हणजे त्यांचा समाज बनतो. तेव्हा ही सूचना कोणाला वाचावयास मिळते, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. विद्येचे दार कोणास उघडे आणि कोणास बंद, ह्याचा निर्णय पुष्कळदा तेथेच होऊन जातो.

ह्या दृष्टीने मुंबईच्या शिक्षणाचा आरंभ पाहण्यासारखा आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. परंतु त्यापूर्वी नऊ वर्षे, म्हणजे १८४८ साली, एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन ह्यांच्या प्रोत्साहनाने 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' नावाची सभा काढली होती. दादाभाई नौरोजी हे ह्या मंडळींपैकीच. सभेचे मुख्य कामकाज इंग्रजीत चाले. मग ज्यांस इंग्रजी येत नाही त्यांचे काय? हा प्रश्न त्या तरुणांस पडला आणि त्यांनी सभेच्या गुजराती व मराठी शाखा काढल्या. मराठी शाखेचे नाव उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा, आणि तिचे पहिले अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर. तेथे निबंध वाचले जात, आणि जे ऐकावयास येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' ह्या मासिकात ते छापले जाऊ लागले. श्रोतेहो, बोललेले भाषण मासिकात छापून दूरच्या वाचकाच्या हाती द्यावयाचे, हा उद्योग आज आपल्या परिचयाचा आहे. त्याचे मूळ हे असे पावणेदोनशे वर्षांमागे जाते.

ते तरुण भाषणे करूनच थांबले नाहीत. १८४९ साली त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि प्रारंभी तेथे स्वतःच शिकविले. ज्या शहरात मुलीच्या हाती पाटी देणे हा लोकापवादाचा विषय होता, तेथे विद्यार्थ्यांच्या सभेतून कन्याशाळा निर्माण झाली. संस्थेच्या भिंतीआड झालेली चर्चा भिंतीबाहेर गेली नसती, तर हे घडले नसते.

पुढे विद्यापीठ आले, ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. त्याचे मुख्य काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे. १८७८ साली प्रेमचंद रायचंद ह्यांच्या देणगीतून राजाबाई मनोरा पुरा झाला, आणि त्याच्या घड्याळाने कोटातल्या लोकांस वेळ कळू लागली. परंतु विद्यापीठाची खरी वार्ता म्हणजे निकाल. वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत छापलेल्या क्रमांकांच्या रांगांवरून बोट फिरविणारा बाप आणि त्याच्या खांद्याआडून पाहणारा मुलगा, हे चित्र पुष्कळ श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे असेल. विद्यापीठाचे घराघरात पोहोचणारे वर्तमान ते एवढेच.

आता आपल्या उपनगरांकडे वळू. प्रारंभी येथल्या मुलास महाविद्यालयासाठी शहरातच जावे लागे. १९२८ साली पश्चिमेकडील मार्गावर बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि हा प्रवास सुकर झाला. पण गाडीने येणाऱ्या विद्यार्थ्यास गाडीनेच परतावे लागते. सायंकाळच्या सभेची सूचना त्याने वाचली, तरी घरी पोहोचण्याची चिंता त्याला आधी. म्हणून १९३० साली जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल युसुफ महाविद्यालय सुरू झाले, ही उपनगरांच्या इतिहासातील मोठी घटना मानली पाहिजे. त्यानंतर अंधेरीस भारतीय विद्या भवनाचे महाविद्यालय १९४६ साली निघाले. १९५९ साली घाटकोपरनजीक सोमैयांच्या विद्याविहारास आरंभ झाला. घाटकोपरचे झुनझुनवाला महाविद्यालय १९६३ सालचे, मुलुंडचे वाणिज्य महाविद्यालय १९७० चे, तर तेथील केळकर-वझे महाविद्यालय १९८४ चे. विद्या आता घराजवळ आली, आणि तिच्याबरोबर सूचनाफलकही आला.

प्रस्तुत वक्ता केवळ मॅट्रिक झालेला आहे. महाविद्यालयात विद्यार्थी म्हणून बसण्याचा योग त्याला कधी आला नाही. परंतु शाळेतील नोकरीच्या काळात सायंकाळची सार्वजनिक व्याख्याने मी पुष्कळ ऐकली. सूचनेच्या तळाशी 'सर्वांस मुक्त प्रवेश' असे तीन शब्द असत. ते तीन शब्द वाचून मागच्या बाकावर बसणाऱ्यांत कारकून असत, गिरणीतले जॉबर असत, माझ्यासारखे प्राथमिक शिक्षक असत. मुंबई विद्यापीठात पुढे ह्याच कामासाठी 'बहिःशाल' शिक्षणाचा विभाग झाला. बहिःशाल म्हणजे शाळेच्या बाहेरचे. नाव किती समर्पक आहे पाहा!

उपनगरांतील सर्वांत मोठे विद्यानगर मात्र पवईचे. तेथील तलाव १८९१ साली बांधला गेला. भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे वर्ग १९५८ साली वरळी येथे तात्पुरत्या जागेत शंभर विद्यार्थ्यांनिशी सुरू झाले, आणि १० मार्च १९५९ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते पवईस कोनशिला बसली. युनेस्कोच्या द्वारे सोव्हिएत रशियाने यंत्रसामग्री व तज्ज्ञ पुरविले. सुमारे साडेपाचशे एकरांत वसतिगृहे, निवासस्थाने, शाळा, रुग्णालय असे एक गावच उभे राहिले. गाव म्हटले की गावाचे वर्तमान आले. कोणत्या दालनात कोणाचे व्याख्यान, कोणत्या मैदानावर कोणता सामना, कोणत्या वेळी पाणी बंद, बिबट्या कोठे दिसला म्हणून अंधारात एकट्याने फिरू नये, हे सारे तेथील दिनमानाचे भाग. विद्यार्थ्यांनी 'इनसाइट' नावाचे आपले वार्तापत्रही चालविले. 'मूड इंडिगो' आणि 'टेकफेस्ट' ह्या महोत्सवांच्या दिवसांत बाहेरगावचे हजारो विद्यार्थी आत येतात. परंतु वर्षाचे बाकीचे दिवस? विक्रोळी, कांजुरमार्ग, भांडुप येथील शाळकरी मूल त्या दारावरून बसने जाते. आत उद्या ताऱ्यांवर की यंत्रांवर कोणी बोलणार आहे, हे त्याला कळण्याची सोय थोडी.

कुंपणाच्या आतील वार्ता बाहेरच्यांस कशाला हवी, असा आक्षेप येईल. त्यास निसर्गानेच उत्तर देऊन ठेवले आहे. विहार आणि पवई ह्या तलावांतून वाहून येणाऱ्या पाण्यापासून मिठी नदी निघते, ती कुर्ल्यावरून, विद्यापीठाच्या कालिना परिसराच्या आसपासचे पाणी घेऊन, माहीमच्या खाडीस मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि ह्या नदीने काय अनर्थ केला ते आपण पाहिले. विद्यानगराच्या उशाशी असलेले पाणी वस्तीच्या पायथ्याशी जाते. तेव्हा त्या पाण्याविषयी आत जे शिकले जाते, त्याची वार्ता वस्तीत पोहोचणे हा उपकार नसून व्यवहार आहे.

वार्ता वेळेवर न मिळाल्यास काय होते, ह्याचा दाखला २०१७ साली मुंबई विद्यापीठात मिळाला. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची नवी पद्धत घाईने सुरू झाली, आणि पदवीचे निकाल काही महिने रखडले. पुढील प्रवेश, परदेशचे शिक्षण, हातातली नोकरी, सारे टांगणीस लागले. 'उद्या निकाल लागेल' ही सूचना पुनःपुन्हा खोटी ठरली म्हणजे अफवांचे पीक येते, तेही आले. अखेर कुलगुरूंना पद सोडावे लागले. पाहणाऱ्यास तो केवळ कागद वाटतो, पण त्यावर घरेच्या घरे विसंबलेली असतात.

नभोवाणीने ह्या कामी काही केले काय? मुंबईचे ध्वनिक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. परंतु शिक्षणसंस्थांस स्वतःचे केंद्र चालविण्याची मुभा फार उशिरा, २००२ साली मिळाली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाने १ फेब्रुवारी २००४ रोजी पहिले केंद्र काढले. पुणे विद्यापीठाचे 'विद्यावाणी' २००५ साली, तर मुंबई विद्यापीठाचे कालिना येथील केंद्र २००८ साली सुरू झाले. अशा केंद्रांचा आवाज काही कोस जाई, पण कुंपण ओलांडून जाई. गंमत अशी की २००६ च्या नियमांनी सामुदायिक केंद्रांस बातम्या देण्याची मनाई केली होती. मग परीक्षेची तारीख ही बातमी की काय? खासगी केंद्रांपुरता हा उलगडा सरकारने २०११ साली केला: परीक्षा, निकाल, प्रवेश, उत्सव, पाणी, वीज, हवामान ह्यांविषयीची माहिती बातमीत मोडत नाही. आरंभी ज्याला मी वर्तमानपत्राचे धाकटे भावंड म्हटले, त्याचे वेगळेपण सरकारनेही असे मान्य केले.

आज सूचना फलकावरून उतरून हातातल्या दूरध्वनीवर गेली आहे. हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. पावसाने कागद भिजत नाही आणि वर्ग रद्द झाल्याचे कळावयास बोरिवलीहून यावे लागत नाही. परंतु फलक रस्त्याने जाणाऱ्यासही वाचता येत असे; दूरध्वनीवरील मंडळात ज्याचे नाव घातले त्यालाच ती सूचना मिळते. सूचना जलद झाली, पण तिचा वाचक आधीच निवडलेला आहे. १८४८ च्या तरुणांपुढे इंग्रजीची भिंत होती, ती त्यांनी मराठी शाखा काढून ओलांडली. आपल्यापुढील भिंत डोळ्यांस दिसत नाही, इतकाच फरक.

उपाय खर्चाचा नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील प्रत्येक महाविद्यालयाने रस्त्याकडील दारावर एक फळा लावावा. आठवड्यात जी व्याख्याने, प्रदर्शने, सामने सर्वांस पाहता-ऐकता येतील, ती सोमवारी सकाळी स्वच्छ मराठीत त्यावर लिहावीत. जवळच्या शाळेतील शिक्षकाने जाता-येता ती वहीत उतरून घ्यावीत आणि आपल्या वर्गात वाचून दाखवावीत. त्यातून वर्षाकाठी दोन मुले जरी त्या दारातून आत जाऊन मागच्या बाकावर बसली, तरी तो फळा लावल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.