झालिपिये : काजळी, चुना आणि भिंतीवरची फुले

पोलंडच्या दक्षिणेला, तार्नुफ शहराच्या उत्तरेस, विस्तुला नदीच्या सखल खोऱ्यात झालिपिये नावाचे एक लहानसे खेडे आहे. येथील घरांच्या भिंती, खिडक्यांच्या चौकटी, विहिरी, कोठारे, इतकेच काय पण कुत्र्यांची खुराडीसुद्धा फुलांच्या चित्रांनी रंगवलेली दिसतात. गावच्या चर्चमध्येही हीच फुले आहेत. प्रवासवर्णनांत या गावाला ‘परीकथेतील गाव’ म्हटले जाते. हे वर्णन गोड असले तरी दिशाभूल करणारे आहे. या फुलांचा उगम परीकथेत नव्हे, चुलीच्या धुरात आहे.

१८व्या शतकाच्या उत्तरार्धात रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडची वाटणी केली. 1772च्या पहिल्या फाळणीत दक्षिणेकडील मुलूख ऑस्ट्रियाच्या वाट्याला गेला आणि त्याला गॅलिशिया हे नाव मिळाले. पुढचे शतकभर हा प्रांत युरोपातील सर्वांत दरिद्री प्रदेशांपैकी एक म्हणून ओळखला जाई. शेतकऱ्यांची वेठबिगारी 1848मध्ये कायद्याने संपली, पण जमिनीचे तुकडे पडत गेले आणि माणसे वाढत गेली. 1888मध्ये स्तानिस्वाव श्चेपानोव्स्की या उद्योजकाने या दारिद्र्याचा आकड्यांत हिशेब मांडणारे पुस्तकच लिहिले. झालिपियेची कहाणी या प्रांतातली आहे, हे विसरले तर ती केवळ सजावटीची कहाणी उरते.

त्या काळच्या गरीब शेतकऱ्याच्या घराला धुराडे नसे. लाकडी ओंडक्यांच्या भिंती, वर गवताचे छप्पर आणि आत मोठी मातीची चूल. धूर खोलीभर फिरून छतातल्या भोकातून किंवा दारातून वाट काढी. यात अडाणीपणा होता असे समजण्याचे कारण नाही. धुरामुळे छपराचे गवत कोरडे राही, किडे दूर राहत आणि उष्णता लगेच बाहेर पडत नसे. धुराडे बांधायला विटा लागत आणि विटांना पैसा लागे. मात्र या सोयीची किंमत भिंतींना आणि माणसांच्या फुप्फुसांना मोजावी लागे. हिवाळा संपेपर्यंत भिंती, तुळया आणि छत काजळीने काळेकुट्ट होऊन जात.

वसंतात बर्फ वितळले, दारे-खिडक्या उघडता येऊ लागल्या, की घरातील स्त्रिया चुन्याकडे वळत. चुना स्वस्त होता, जंतुनाशक होता आणि अंधाऱ्या खोलीत थोडा उजेड आणणारा होता. पण काजळी हट्टी असते. तेलकट काळ्या थरावर चुन्याचा हात फिरवला तरी डाग पुन्हा वर येतात. म्हणून सगळी भिंत पांढरी करण्याऐवजी गवताच्या किंवा काटक्यांच्या कुंच्याने चुन्याचे मोठे ठिपके उमटवण्याची रीत पडली. काळ्या भिंतीवर पांढरे, ओबडधोबड ठिपके. झालिपियेच्या चित्रकलेची पहिली पायरी ती हीच.

१९व्या शतकाच्या शेवटी या भागातील घरांत धुराडी आणि सुधारलेल्या चुली येऊ लागल्या. धूर आता थेट बाहेर जाऊ लागला, भिंतीवर दिलेला चुना टिकू लागला. सरळ विचार केला तर ठिपक्यांची गरज येथे संपायला हवी होती. झाले उलटेच. स्वच्छ, पांढरी, मोकळी भिंत प्रथमच हाताशी आली आणि ठिपक्यांना पाकळ्या फुटल्या. पाकळ्यांना देठ आले, देठांना पाने आली, मग फुलांचे गुच्छ आणि कुंडीतील झाडे आली. चुलीभोवतीचा भाग सर्वांत आधी सजला, कारण तेथेच धग आणि धूर लागून भिंत पुन्हा लवकर खराब होई, आणि घरातल्या बाईचा दिवसही तेथेच जाई. लोककलेच्या इतिहासात ‘परंपरा’ या शब्दामागे अनेकदा हजारो वर्षे गृहीत धरली जातात. येथे ती इतकी जुनी नाही. तिचा जन्म एका घरगुती तांत्रिक बदलाशी बांधलेला आहे.

रंगांसाठी दुकानात जाण्याची ऐपत नव्हती आणि तशी गरजही भासली नाही. काळा रंग चुलीतल्या काजळीचा, पांढरा चुन्याचा, तांबूस आणि पिवळसर छटा वेगवेगळ्या मातींच्या. कपड्यांना देण्याची नीळ मिळाली तर निळा. रंग भिंतीला धरून राहावा म्हणून त्यात साय काढलेले दूध घालत. दुधातले केसीन हे प्रथिन चुन्याशी मिसळले की चिवट, पाण्याला सहजी न विरघळणारे मिश्रण तयार होते. युरोपातील चित्रकार हे गुणधर्म फार पूर्वीपासून वापरत आले होते. या स्त्रियांना ते स्वयंपाकघरातून कळले असावेत. कुंचलेही घरचेच. बर्चच्या डहाळीचे टोक ठेचून तंतू मोकळे करायचे, किंवा गाईच्या शेपटीचे केस काडीला बांधायचे. अशा कुंचल्याने बारीक रेघ ओढणे कठीण असते. झालिपियेच्या फुलांना जो ठसठशीत, भरीव घाट आहे, त्यात हौसेइतकाच या ओबडधोबड कुंच्याचाही वाटा आहे.

भिंती रंगल्या की नजर छताकडे जाई. तुळईला टांगण्यासाठी राईच्या काड्या दोऱ्यात ओवून, मधेमधे रंगीत कागदाची फुले गुंफून झुंबरासारखी रचना केली जाई. पोलिश भाषेत तिला ‘पायाँक’, म्हणजे कोळी, म्हणतात. वजन इतके कमी, की दार उघडल्याच्या वाऱ्यानेही ती हळूच फिरे. भिंतीवरच्या धर्मचित्रांभोवती पातळ कागदाच्या फुलांची आरास असे. पेंढा शेतातला, दोरा घरचा. विकत आणायचा तो एवढा कागद.

हे काम करण्याचा काळ कृषिजीवनाने ठरवून दिला होता. ईस्टरनंतर येणारा कॉर्पस क्रिस्ती हा सण मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये असतो. पेरण्या उरकलेल्या, कापणी अजून दूर. स्त्रियांना थोडी उसंत मिळे ती याच दिवसांत. सणापूर्वी जुन्या चित्रांवर चुन्याचा हात फिरे आणि त्यावर नवी चित्रे येत. म्हणजे गेल्या वर्षीची फुले दरवर्षी त्याच हातांनी पुसली जात. इतिहासाच्या अभ्यासकाला ही गोष्ट अडचणीची आहे. पहिल्या पिढीच्या भिंती आज कोठेच नाहीत. त्या चुन्याच्या थरांखाली गेल्या, किंवा घरांबरोबरच नाहीशा झाल्या.

जे कळते त्याचे श्रेय बऱ्याच अंशी व्वादिस्वाव हिकेल या अभ्यासकाला जाते. २०व्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी या परिसरातील भिंतीचित्रांची नोंद घेऊन त्यांविषयी लिहिले. स्त्रिया कागदावरही चित्रे काढून भिंतीवर लावत असत, आणि कागद गोळा करून नेता येतो. ज्या कामाला गावात ‘घर नीटनेटके करणे’ यापलीकडे नाव नव्हते, त्याला शहरी विद्वानांनी कला म्हटले. ते म्हणणे योग्यच होते, पण ते म्हणताक्षणी त्या कामाकडे बघणारा एक परका डोळाही निर्माण झाला, हे नोंदवायला हवे.

त्यानंतर दोन महायुद्धे आली. 1915च्या मे महिन्यात गोर्लित्से-तार्नुफची मोठी लढाई याच भागात झाली. 1939पासून नाझी अंमल होता. अशा काळात भिंतीवर फुले काढण्याची प्रथा खंडित झाली तर आश्चर्य नाही. 1948मध्ये, युद्धाच्या जखमा ताज्या असताना, झालिपियेत रंगवलेल्या घरांची पहिली स्पर्धा भरवण्यात आली. 1965पासून ती दरवर्षी नियमाने होऊ लागली. तिचे नाव ‘मालोवाना हाता’, अर्थात रंगवलेली झोपडी. साम्यवादी राजवटीला शेतकऱ्यांची लोककला प्रिय होती, कारण ती सत्तेला सोयीची होती: रंगीत, निरुपद्रवी आणि ‘जनतेची’. या हेतूंबद्दल शंका जरूर घ्यावी. पण बक्षिसाची रक्कम आणि शेजारणीशी चुरस यांनी पुन्हा कुंचले हाती आले, हेही तितकेच खरे.

या टप्प्यावर एक नाव ठळकपणे पुढे येते: फेलित्स्या त्सुरिवोवा (1904–1974). तिचे घर आतून-बाहेरून फुलांनी भरलेले होते आणि गावाबाहेर झालिपियेची ओळख पोहोचवण्यात तिचा वाटा सर्वांत मोठा होता. कागद, कापड आणि चिनी मातीची भांडी यांवरही ही फुले उमटू लागली. तिच्या निधनानंतर ते घर तार्नुफच्या संग्रहालयाच्या ताब्यात आले आणि लोकांसाठी खुले झाले. याच सुमारास गावातील चित्रकर्त्या स्त्रियांसाठी ‘दोम मालारेक’, म्हणजे चित्रकर्तींचे घर, उभे राहिले.

स्पर्धेने परंपरा वाचवली, तशी ती बदललीही. कारखान्यातील रंग आले, त्यांच्याबरोबर भडक लाल आणि झगमगीत निळा आला. बारीक कुंचल्यांनी पाकळ्यांत बारकावे भरले. जे काम प्रथम चुलीजवळच्या भिंतीवर, घरच्या माणसांपुरते होते, ते रस्त्यावरून दिसणाऱ्या दर्शनी भिंतीवर आले. टिकाऊ रंग दरवर्षी पुसावे लागत नाहीत, त्यामुळे एकच चित्र अनेक वर्षे राहू शकते. काहींना यात अस्सलपणाचा ऱ्हास दिसतो. हा आक्षेप पुरता पटत नाही. धुराडे आले तेव्हा ठिपक्यांची फुले झाली, आणि तो बदल कोणी ऱ्हास मानला नाही. मग कारखान्याच्या रंगाने आलेल्या बदलाला वेगळा न्याय का लावावा? खरी हानी झाली असेल तर ती एवढीच, की वर्षभराचे चित्र स्वतःच्या हाताने पुसून नव्याने सुरुवात करण्याची सक्ती राहिली नाही.

गावातील प्रत्येक घर रंगवलेले नाही. घरे शेतांमधून विखुरलेली आहेत आणि रंगवलेल्या घरांपर्यंत बरेच चालावे लागते. स्पर्धा आजही कॉर्पस क्रिस्तीनंतरच्या शनिवार-रविवारच्या सुमारास भरते. परीक्षक घरोघरी फिरतात. त्याआधीच्या दिवसांत रंगांचे डबे अंगणात येतात, हिवाळ्याच्या पावसा-बर्फाने फिकट झालेल्या पाकळ्या पुन्हा भरल्या जातात, आणि एखाद्या दारावर गेल्या वर्षीपेक्षा एक फूल जास्त उमललेले असते.